वाइनोच्या डब्यातली दारू

३१ ऑगस्ट २०१३, शनिवार

लेम्पी साअरेलाच्या अंगणात आज जुन्या सामानाची विक्री होती. तिचा नवरा वाइनो फेब्रुवारीत सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, बाहेर आला, गार व्हायला पायरीवर बसला आणि बसलेलाच राहिला. सहा महिने तिनं कशाला हात लावला नव्हता. काही घ्यायचं नाही असं ठरवूनच मी गेलो होतो. येताना आठ पौंडांचा डबा मांडीवर घेऊन आलो.

डब्यात बंदुकीची दारू आहे. सैन्यानं जुनी काडतुसं फोडून शिल्लक विकायला काढली होती, त्यातली. बंदुकांवर बंदी येणार म्हणून यंदा साऱ्या देशानं घाबरून घरात साठे केलेत. दुकानातल्या फळ्यांवर धूळसुद्धा शिल्लक नाही. घरी बसून स्वतःची काडतुसं भरणाऱ्या माझ्यासारख्यांची अवस्था लग्नघरात पीठ संपलेल्या आचाऱ्यासारखी झाली आहे. त्यात हा डबा, शिगोशीग भरलेला! आईशप्पथ सांगतो, झाकण दोनदा उघडून पाहिलं.

लेम्पी म्हणाली, "वाइनोनं तो कधी वापरला नाही. चांगल्या हरणासाठी ठेवलाय म्हणायचा."

मी म्हणालो, "चांगलं हरीण मी बघून घेतो."

"हरीण तुला बघून घेईल," ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात ठेवला.

घरी येऊन पाहिलं तर मूळ चिठ्ठी गळून गेलेली. वर नुसती चिकटपट्टी आणि वाइनोच्या अक्षरात दारूच्या जातीचे चार आकडे. शेवटचा आकडा ओघळलाय. एक तरी असेल, नाहीतर सात. एक असला तर दारू सावकाश जळणारी. सात असला तर भसकन. एकीचं माप दुसरीला लावलं तर हरणाऐवजी बंदुकीचा मागचा भाग कपाळात येतो.

डोळे बारीक करून पाहिलं, एक वाटला. चष्मा लावला, सात वाटला. चष्मा पुसल्यावर वाटलं, नऊ.

३ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या मापांच्या पुस्तकात यातला एकही आकडा नाही. लष्कराची शिल्लक दारू म्हणजे दर घाण्याला वेगळी. शेजारणीच्या लोणच्याची कृती बघून आपलं लोणचं घालता येत नाही, तसंच हे.

पुस्तक छापणाऱ्या कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं बाजा ऐकवला. मग एक मुलगी आली.

"सर, मूळ चिठ्ठी नसलेली दारू वापरू नका. गवतावर पातळ पसरून टाका."

"बाई, मी बत्तीस वर्षं काडतुसं भरतोय."

"म्हणूनच सांगतेय, सर."

यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. ती मात्र हसली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

घरी इंटरनेट नाही म्हणून वाचनालयात गेलो. डेल्फीनबाईंनी मला काडतुसं भरणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर नेऊन बसवलं. मी प्रश्न टाकला. एका बोटानं टाकायला पाऊण तास लागला. डेल्फीनबाई दोनदा येऊन म्हणाल्या, "रेइनो, ओठ हलवू नकोस, लोकांचं लक्ष जातं."

जेवून परत गेलो तेव्हा अकरा उत्तरं आली होती. तिघांच्या मते एक, चौघांच्या मते सात. एकानं लिहिलं, माझ्या मेहुण्याला विचारून सांगतो. एकानं स्वतःच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं. एक म्हणे, 'असा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बंदूक असू नये.' अकरावा कोणी टेक्ससचा. त्यानं लिहिलं: 'ज्यानं तो आकडा लिहिला, त्याला विचार.'

ज्यानं लिहिला तो चर्चच्या मागे पुरलाय.

घरी येताना ट्रकमध्ये उजेड पडला. वाइनो खाणीत मोजणीदार होता. आयुष्यात विटेपासून माशापर्यंत काहीही न मोजता, न लिहिता त्यानं सोडलं नाही. काडतुसांच्या वह्या त्यानं ठेवल्याच असणार!

१२ सप्टेंबर, गुरुवार

वह्या आहेत. पंधरा! काळ्या पुठ्ठ्याच्या, खिशात मावणाऱ्या, पाठीवर क्रमांक घातलेल्या.

मी म्हणालो, "लेम्पी, शेवटच्या पाच दे. घरी नेऊन चाळतो, उद्या परत."

ती म्हणाली, "घराबाहेर जायच्या नाहीत. आणि क्रमानं वाचायच्या. वाइनोला मधूनच उघडलेलं खपायचं नाही."

"वाइनो गेला ना."

"म्हणून काय त्याची शिस्त गेली?"

शिवाय तिला ते हस्ताक्षर वाचता येत नाही म्हणे, डोळे अधू झालेत. मी मोठ्यानं वाचायचं, तिनं ऐकायचं, म्हणजे माझा आकडाही सापडेल आणि तिलाही कळेल आत काय आहे. दर गुरुवारी दुपारी एक वही. हिशेब केला: डिसेंबर उजाडेल. हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. बायका हिशेबात कच्च्या असतात, असं मी म्हणणार नाही. आउनेनं, माझ्या बायकोनं, मला एकदा असं म्हणताना ऐकलं होतं, आणि तो आठवडा मी विसरलेलो नाही. ती जाऊन नऊ वर्षं झाली, तरी नाही.

पहिली वही वाचली. सगळी फिनिश भाषेत. आईमुळे मला येतं, पण मोठ्यानं वाचायची सवय मोडली आहे. काडतुसं कमी, हवामानच फार. मध्ये एक ओळ: 'लेम्पीनं आज स्वयंपाकघर पिवळं रंगवलं. मी विचारलं, का? ती म्हणाली, तुला सारखं कारण पाहिजे असतं म्हणून.' लेम्पी खिडकीबाहेर बघत होती. मी पुढचं वाचत राहिलो. आकडा नाही.

वेलदोड्याचा पाव दिला तिनं. ताजा होता.

२६ सप्टेंबर, गुरुवार

तिसरी वही. काही नाही. म्हणजे हरणं आहेत, गोळ्या आहेत, बर्फ किती इंच पडला तेही आहे. माझी दारू तेवढी नाही. एका पानावर माझंच नाव निघालं: 'रेइनो हायक्कालानं आज मैदानावर सहा गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद सुखरूप आहे.' लेम्पी इतकी हसली की कॉफी सांडली. तीस वर्षांनी एक मेलेला माणूस मला टोचतोय आणि मी तेच मोठ्यानं वाचून दाखवतोय!

निघताना ती दारातून म्हणाली, "कोटाचं तिसरं बटण लोंबतंय. काढ इकडे." उभ्या उभ्या सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. बिचारीचे डोळे अधू झाले तरी हाताची सवय कशी राहते बघा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पाचवी. नाही.

लेम्पीनं विचारलं, "थकलास?"

मी म्हणालो, "दारूच्या नादी लागलेल्याला थकून चालत नाही." हा विनोद येताना गाडीत तीनदा म्हणून पाहिला होता. तिसऱ्या खेपेला चांगला झाला होता. तिथं चौथी खेप होती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

टोइमी आला होता. टोइमी म्हणजे आउनेचा धाकटा भाऊ. दरवर्षी आम्ही दोघं जंगलातल्या त्याच्या झोपडीत हंगाम उघडतो, आणि दरवर्षी मी त्याला घरी भरलेली काडतुसं देतो. आमच्या दोघांच्या बंदुका एकाच मापाच्या. ही गेली सहा वर्षांची प्रथा.

"यंदा काय, डब्यातल्या भुतानं भरणार?" त्यानं विचारलं.

"माप सापडलं की भरीन."

"आणि दर गुरुवारी नवा शर्ट घालून कुठं शोधतोस ते माप?"

"तो शर्ट नवा नाही. धुतलेला आहे."

"तेच म्हणतोय मी," टोइमी म्हणाला आणि माझी शेवटची खिम्याची पेस्टी खाऊन गेला. या माणसाला काय म्हणायचं असतं, देवाला ठाऊक.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं!!

आठवी वही, पान एकोणीस. चारही आकडे स्वच्छ, शेवटी एक. सावकाश जळणारी. खाली माप, गोळीचं वजन, काडतुसाच्या बुडाची टोपी कुठली, सगळं. शेवटी वाइनोचा शेरा: 'उत्तम. शांत.' वाइनोकडून 'उत्तम' म्हणजे इतरांकडून मिरवणूक.

मी खुर्चीतून उठून लेम्पीला मिठीच मारणार होतो. ऐन वेळी हात वळवला आणि शेगडीच्या चिमट्याशी हस्तांदोलन केलं. चिमटा गरम होता.

लेम्पी म्हणाली, "मग आता झालंच म्हणायचं तुझं काम."

"झालं."

ती ताटल्या गोळा करायला लागली. दोनच ताटल्या, पण फार वेळ गोळा करत होती.

मी म्हणालो, "पुढच्या वह्या बघायला हव्यात म्हणा. खात्री केलेली बरी. पुढे त्यानं माप बदललं असलं तर?"

"हो तर," ती म्हणाली. "खात्री केलेली बरी."

सावधपणा अंगात मुरलेला असतो काही माणसांच्या.

३ नोव्हेंबर, रविवार

काल दहा काडतुसं भरली. वाइनोच्या मापापेक्षाही कमीवर सुरुवात, तराजूवर एकेक तोलून. दाणे मात्र सारखे वाटले नाहीत, काही बारके, काही लांबट. जुना माल, असायचाच.

पाच माझी, पाच टोइमीची. पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'वाइनो विशेष' असं लिहिलं. मला वाटतं छान दिसतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

टोइमी झोपडी गरम करायला आठवडाभर आधी गेला, खोकं घेऊन. तिथं फोन लागत नाही. शेगडीचं धुराडं बसवणार, लाकडं फोडणार, आणि चौदा तारखेला दुपारी नेहमीप्रमाणे बंदुकीचा नेम तपासणार. आज मी माझी पाच झाडून पाहणार होतो. पायमोजा चढवायला वाकलो आणि कंबर धरली. काल मी कसा वाकलो होतो ते आठवत नाही, पण वेगळा वाकलो असणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कालचं आज लिहितो आहे. काल हाताला पेन धरवलं नसतं.

लेम्पीकडे दुपारी एक वाजता पोचलो. दहावी वही. चार पानं वाचली आणि पाचवं आलं. जसं वाचलं तसं लिहितो:

'आज मूर्खपणा केला. तळघरात उजेड कमी. लेम्पीनं आणलेल्या नव्या दारूच्या डब्यात दुसऱ्या डब्यातली उरलेली ओतली. वाटलं तीच. ती नव्हती. एक आणि सात मिसळले. आता याचं माप जगात कुणाकडे नाही. बंदुकीत घालायची नाही. टाकून द्यायला हवी. पण डबा लेम्पीनं वाढदिवसाला आणला होता, जत्रेत पावसात दीड तास रांगेत उभी राहून. सांगू कसं? चांगल्या हरणासाठी ठेवलाय म्हणेन.'

मी थांबलो. लेम्पी आधी हसली. मग तोंडावर हात ठेवला आणि हसणं कुठं संपलं, रडणं कुठं सुरू झालं, सांगता येणार नाही.

"बारा वर्षं," ती म्हणाली. "बारा वर्षं मी विचारायची, चांगलं हरीण भेटलं का? आणि हा म्हणायचा, अजून नाही. गाढव!"

मला तेव्हा सुचलं.

"लेम्पी, टोइमीकडे पाच आहेत."

तिनं घड्याळ पाहिलं. पावणेदोन. टोइमी तीनला नेम तपासतो. चाळीस मैल, पाऊण रस्ता बर्फाखाली.

"तुझ्या कंबरेनं गाडी चालवणार?" ती म्हणाली. किल्ल्या तिच्या हातात होत्याच.

लेम्पी गाडी कशी चालवते ते वाइनोनं कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. मोजमापात बसलं नसेल. मी नकाशा हातात धरून बसलो होतो, टोइमीनं पाकिटाच्या मागे काढलेला, मुंगीएवढ्या अक्षरात. मला एक ओळ लागेना. आउनेला मी तिच्या शेवटच्या दिवसांत शब्द दिला होता, टोइमीकडे बघेन म्हणून. बघत होतो! वर छान अक्षरात नाव लिहून खोकं दिलं होतं त्याला.

लेम्पीनं वळणावर वेग कमी केला, पाकिटाकडे एकदा तिरकं पाहिलं आणि म्हणाली, "जळक्या देवदारापाशी डावीकडे, मग दुसरा फाटा. 'फाटक नीट लावा' असंही लिहिलंय."

मी पाकीट मांडीवर ठेवलं. मग म्हणालो, "तुला हस्ताक्षर वाचता येत नाही ना?"

"येतं."

"मग मला दहा आठवडे..."

"एकटीनं वाचायची हिंमत होत नव्हती," लेम्पी म्हणाली. रस्त्यावरची नजर तिनं हलवली नाही. "तू माप शोधत होतास म्हणून बरं होतं. तुझं लक्ष दारूकडे असायचं, माझ्याकडे नसायचं. आता हे बोलू नकोस. फाटक उघड."

फाटक उघडत होतो तेवढ्यात आवाज झाला. ठो!

कंबर विसरून मी धावलो. किती वेळ धावलो माहीत नाही, तोंडातून आवाज येत होता, तो माझाच असावा. झोपडीमागच्या मोकळ्या जागेत टोइमी उभा होता. दोन हात, दोन डोळे, डोक्यावर नारिंगी टोपी. बंदूक शाबूत.

"झाडू नकोस!" मी ओरडलो. "त्यात चुकीची दारू आहे! फुटेल!"

"कशात?"

"माझ्या काडतुसांत!"

टोइमीनं बंदूक रिकामी करून भिंतीला टेकवली. माझ्याकडे पाहिलं, मागून येणाऱ्या लेम्पीकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली.

"रेइनो," तो म्हणाला, "मी तुझी काडतुसं झाडत नाही."

"म्हणजे?"

"कधीच झाडली नाहीत. दुकानातली वापरतो."

आत जाऊन त्यानं कॉफीचा मोठा डबा आणला. सहा वर्षांची काडतुसं, खोक्यांसकट. 'रेइनो खास.' 'सोनेरी हंगाम.' 'वाइनो विशेष.' सगळी आहेत तशी.

"मागच्या साली मारलेलं हरीण? तू मला म्हणालास, 'काय मस्त चालली तुझी गोळी'!"

"तुला बरं वाटलं ना?"

मी लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. मला राग यायला हवा होता. आला नाही. हा माणूस जिवंत होता, केवळ माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. नाक वाहत होतं, पुसायला काही नव्हतं, तर टोइमीनं बंदूक पुसायचं फडकं दिलं. वर्षभर तोंडाला तेलाचा वास येणार.

लेम्पी म्हणाली, "तुम्ही पुरुष मेल्यावरच खरं बोलता की काय? हा निदान जिवंतपणी बोलला." मग आत जाऊन तिनं कॉफी ठेवली.

१७ नोव्हेंबर, रविवार

हंगाम उघडला. मी यंदा टोइमीकडून मागून घेतलेली दुकानातली काडतुसं वापरली. हरणावर एक गोळी झाडली. हरीण सुखरूप आहे.

भरलेली दहाही फोडून रिकामी केली, डब्यातली दारू अंगणामागच्या मोकळ्यावर पातळ पसरून टाकली. कंपनीतल्या त्या मुलीनं तीन सप्टेंबरलाच हे सांगितलं होतं. तिला फोन करून कळवावं असं क्षणभर वाटलं. पण चाळीस मिनिटं बाजा ऐकायचा आणि वर ती हसणार.

वाचनालयात जाऊन टेक्ससवाल्याला लिहिलं: 'ज्यानं लिहिलं त्याला विचारलं. बरोबर होतास.' त्यानं उलट विचारलं, मग माप काय निघालं? मी लिहिलं, 'नाही निघालं.' डेल्फीनबाईंनी ओठांबद्दल काही म्हटलं नाही. फक्त जाताना म्हणाल्या, "तब्येत बरी दिसते."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लेम्पीचा सकाळी फोन. राहिलेल्या पाच वह्या तिनं वाचून टाकल्या. एकटीनं, दोन दिवसांत.

"कसं होतं?" मी विचारलं.

"शेवटची अर्धी कोरी आहे," ती म्हणाली. "पण पोचले तिथपर्यंत."

"छान झालं."

"हो."

"मग आता..."

"आता काही नाही. तू काळजी घे कंबरेची."

फोन ठेवला. उत्तमच झालं. माझे गुरुवार मोकळे झाले. ट्रकचं तेल बदलायचं राहिलंय, छपराची पन्हळ गळते आहे. दुपारी पन्हळीखाली बराच वेळ उभा होतो. गळती दिसली नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टोइमीकडे टर्की. त्यानं विचारलं, लेम्पी कशी आहे? मी म्हणालो, मला काय माहीत. तो म्हणाला, "डबाभर दारू पचवलीस आणि डोकं अजून ताळ्यावर नाही." कुणी हसलं नाही. मीही नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

काल दोन फूट बर्फ पडला. दुपारी एक वाजता मी लेम्पीच्या दारात होतो. कसा पोचलो ते लिहिण्यासारखं नाही. जेवलो, शर्ट बदलला, आणि ट्रक चालू होता.

वाटेत तीन कारणं तयार केली होती. बर्फ काढायचं फावडं उसनं मागायचं, हे त्यातल्या त्यात पटण्यासारखं. दार उघडल्याबरोबर तेच म्हणालो.

लेम्पीनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. ट्रकच्या मागच्या बाजूला माझं फावडं उभं होतं. लाल दांड्याचं. तीन फूट उंच.

"ते मोडलंय," मी म्हणालो.

"असं?"

"नाही. मोडलेलं नाही."

"मग कशाला आलास?"

बत्तीस वर्षं काडतुसं भरणाऱ्या, खाणीत साठ माणसांवर मुकादमी केलेल्या, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर यायला हवं होतं. मी पायरीवर उभा राहिलो. नाकाला बर्फ लागत होता.

"गुरुवार आहे," मी म्हणालो.

लेम्पी दारातून बाजूला झाली.

"बूट काढ," ती म्हणाली. "फरशी आत्ताच पुसली आहे."

बूट काढले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. तिनं ते पाहिलं असणारच. ती कॉफी ओतायला आत गेली.